एका मंडळीची फारकत



यंदाच्या वाद्यवृंदाची पदे बसविताना तुम्हां विद्यार्थ्यांत चालींवरून बराच वाद झाला, आणि दोघांचा स्नेह जुळला म्हणून उरलेल्यांना परकेपणा वाटू लागला, असे मघाशी तुमच्यापैकीच एकाने मला मोठ्या संकोचाने सांगितले. तेव्हा लिहून आणलेले भाषण बाजूस ठेवून मी तुम्हांला एका जुन्या नाटक मंडळीची हकीकत सांगावयाचे ठरविले.

या नाशिक रोडपासून जवळच, नाशकातील विजयानंद नाट्यगृहात, २१ डिसेंबर १९०९ रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या रात्री तेथे किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. इतिहासाने ते पिस्तूल स्मरणात ठेवले, ते योग्यच झाले. मला मात्र त्या मंडळीविषयी बोलावयाचे आहे, कारण पुढे चारच वर्षांनी, १९१३ मध्ये, गायक-नट बालगंधर्व, नट गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे तिच्यातून बाहेर पडले व त्यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ज्यांनी १९११ मध्ये ‘मानापमान’ नाटकाला चाली देऊन अवघा महाराष्ट्र नादावून सोडला होता, ते टेंबेही थोड्याच वर्षांत या भागीदारीतून फारकत घेऊन शिवराज मंडळीचे चालक झाले, आणि इकडे १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकासाठी भास्करबुवा बखल्यांची घरंदाज गायकी बालगंधर्वांच्या गळ्यात उतरली. या फुटीने रसिकांचे काय नुकसान झाले, हे मला आजवर उमगलेले नाही. त्यांच्या पदरी एका वळणाच्या गाण्याऐवजी दोन वळणांचे गाणे पडले.

चालींच्या वादाचे हे झाले; दोघांच्या स्नेहाचे, म्हणजे गायिका गौहरबाई कर्नाटकींचे प्रकरण अधिक नाजूक आहे, आणि त्याविषयी मी थोडे सावकाश बोलणार आहे. बालगंधर्वांच्या गायकीचा ध्यास घेऊन, ती आपल्या गळ्यात हुबेहूब उतरवून, या बाई गंधर्व मंडळीत आल्या. दोघांचे प्रेम जडले, आप्तांची मने दुखावली, जुनी माणसे दुरावली, आणि मंडळीच्या ऱ्हासाचा सारा बोजा लोकांनी त्या एका स्त्रीच्या माथी मारला. हा न्याय मला कधीच पटला नाही. अत्तरे, गालिचे, भरजरी पोशाख यांच्या हौसेपायी मंडळीवर कर्जाचा डोंगर त्या येण्याच्या कितीतरी आधीच एकदा चढला होता. १९३२ पासून तर मराठी बोलपट नाटकगृहांतील प्रेक्षक ओढून नेऊ लागला, आणि त्या पहिल्या बोलपटाचे, ‘अयोध्येचा राजा’चे, संगीत व नायकाची भूमिका गोविंदराव टेंबे यांचीच होती! जो हिशेब काळाकडे मागावयाचा, तो आपण एका बाईच्या नावे मांडला.

पुढे १९५१ मध्ये उभयतांचा विवाह झाला. बालगंधर्वांचे पाय गेले, ज्या रंगभूमीवर ते अर्धशतक वावरले ती अंतरली, तेव्हा त्यांची शुश्रूषा करावयास गौहरबाईच होत्या. १९६४ मध्ये त्या आधी गेल्या, आणि त्यानंतरची तीन वर्षे बालगंधर्वांनी त्यांच्यावाचून काढली.

पडद्यामागे तुमची मंडळी खोळंबली आहेत. ज्या पदाच्या चालीवरून तुमचा वाद झाला, तेच आधी ऐकवा. मला दोन्ही चाली ऐकावयाच्या आहेत.