मद्यासक्त बंधूविषयी दोन शब्द

मद्य सोडलेला मनुष्य घरात उदास बसला की आम्ही त्यास बेपर्वा म्हणतो. परंतु इ. स. २००७ साली बर्लिन येथील संशोधकांनी अशा पुरुषांचे मेंदू चुंबकीय यंत्राने तपासले. लाभाची चाहूल घेणारा मेंदूचा खोल भाग, पैसे मिळण्याच्या आशेनेही त्यांच्यात मंदच राहिला. मद्याची चित्रे दिसताच मात्र तो चेतला. पुढे २०१० साली तेथेच असे आढळले की, हा भाग व कपाळामागील विवेकाचे स्थान यांचा परस्परसंबंधही बिघडलेला असतो. म्हणून अनुभवाने शहाणे होणे त्यांस कठीण जाते. सारांश, पेला सुटला तरी मेंदू तत्काळ सावरत नाही. तेव्हा घरी परतलेल्या बंधूस बोल न लावता धीराने सांभाळणे, हेच आम्हां सर्वांचे कर्तव्य होय.