ताटावरून कोण उठते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गंगेला पूर आला की आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतो. पाणी त्याच्या कमरेला लागले की गळ्याला, यावरून पुराचे माप कळते. घरातल्या कामाचे माप मी रात्रीच्या जेवणावरून घेते. महिनाभर पाहिले. मीठ, पाणी, गरम पोळी यांसाठी ताटावरून उठते कोण? मी, नाहीतर माझी बारा वर्षांची मुलगी. तिला कोणी सांगत नाही. भावाने रिकामा पेला नुसता हलवला की ती अर्धी उठलेलीच असते. मुलगा चौदाचा. आळशी म्हणावा, तर सायकल दामटीत गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतो!

सरकारने २०२४ साली देशभर पाहणी केली. १५ ते ५९ वयातल्या, घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा त्यातला सरासरी वेळ निघाला ३०५ मिनिटे. जे पुरुष ते करतात त्यांचा याहून पुष्कळ कमी. बायकांचा आकडा २०१९ साली ३१५ होता. पाच वर्षांत दहा मिनिटे सुटली! तेवढ्यात चहासुद्धा निवांत होत नाही.

आता उठण्याची पाळी दोघा भावंडांत एक दिवसाआड लावली आहे. सासूबाई चार दिवस गप्प होत्या. पाचव्या दिवशी नातवाला म्हणाल्या, "अरे, पोळीला तूप कडेपर्यंत लाव." मुलीला मात्र बसून राहणे अजून जमत नाही. काल त्याची पाळी होती, तर ही डावा हात मांडीखाली दाबून बसली होती.