जैसलमेरचा हवाई तळ

हवाई तळाचे मोल पुष्कळदा त्याच्या जागेवरून ठरते. राजस्थानच्या वाळवंटातील जैसलमेर तळावर १९७१ च्या युद्धात हंटर जातीची मोजकीच लढाऊ विमाने होती. ४ डिसेंबरच्या रात्री सीमेलगतच्या लोंगेवाला ठाण्यावर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. ठाण्यात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली पंजाब पलटणीचे सुमारे १२० जवान होते. मदतीची हाक तळापर्यंत पोचली. परंतु हंटरमध्ये रात्री मारा करण्याची साधनेच नव्हती. तळप्रमुख विंग कमांडर बावा यांना उजाडण्याची वाट पाहणे भाग पडले. ती रात्र जवानांनी काढली, म्हणूनच पुढचे सारे घडले. (चित्रपटाने ही झुंज घरोघरी नेली, तळावर विमाने सज्ज करणारे तंत्रज्ञ मात्र पडद्याआडच राहिले.)

पहाट होताच विमाने झेपावली. उघड्या वाळूत रणगाड्यांना आडोसा नव्हता आणि त्यांच्या रक्षणास आकाशात त्यांचे एकही विमान नव्हते. ‘कृषक’ या लहान विमानातून लक्ष्य दाखविले जाई. तळ जवळ असल्याने वैमानिक परतून, दारूगोळा भरून पुन्हा उड्डाण करीत. चढाई तेथेच मोडली. जीव वाचविण्यासाठी गरगर फिरलेल्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या त्या वेळच्या हवाई छायाचित्रांत स्पष्ट दिसतात.