वंशावळीचा कागद आणि पिल्लाची तब्येत

गाव असो की शहर, कुत्र्याचं जातिवंत पिल्लू घेताना आपण आधी विचारतो, 'पेपर आहेत का?' पण हा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. डाल्मेशियनचंच बघा: पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली जात, तरी लघवीत खडे करणारा दोष जवळजवळ प्रत्येकात. १९७३ मध्ये अमेरिकेत पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी संकर केला, पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच लावल्या आणि त्या वंशातून दोष काढता आला. बऱ्याच वादानंतर २०११ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं त्याला नोंदणीचं दार उघडलं. तेव्हा जातीबाहेरची जोड हे मुळात पाप नव्हे.

अशा जोडीतून 'बाहेरचे आजार येतील', ही भीती रास्तच. पण ती कागदवाल्यांनाही लागू आहे, आणि उपाय दोघांना एकच, तपासणी. लबाडी आहे ती मिश्र पिल्लू शुद्ध म्हणून खपवण्यात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी सक्तीची आहे. ते प्रमाणपत्र मागा, आणि पिल्लाची आई डोळ्यांनी बघा.