अर्धविरामाचें रिकामें वाक्य

मोडी लिपींत विरामचिन्हें नसत. वाचणारा आपल्या समजुतीनेंच थांबे. पुढें छापील मराठींत हीं चिन्हें रूढ होऊं लागलीं, आणि मेजर थॉमस कँडी यांचें 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक १८५० सालीं निघालें. मराठी वाक्यांत एखादा अर्धविराम भलत्या जागीं पडला, तरी वाचक क्षणभर अडखळतो व अर्थ लावून पुढें जातो. संगणकापाशीं ही समजूत नाहीं. 'सी' नांवाच्या संगणकभाषेंत हें चिमुकलें चिन्ह नको तेथें पडल्यास काय घडतें, तें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविली. तींत बहुतेक प्रत्येक आज्ञा अर्धविरामानें संपते. नांव अर्धविरामाचें, काम मात्र पूर्णविरामाचें! एकच काम पुनः पुनः करावयाचें असल्यास 'फॉर' हा शब्द लिहून कंसांत आरंभ, अट व वाढ सांगतात. कंस मिटल्यावर जें पहिलें वाक्य येईल, तेवढ्याचीच आवृत्ति होते. नवशिका विद्यार्थी प्रत्येक ओळीच्या शेवटीं अर्धविराम देण्याच्या संवयीनें कंसापुढेंही तो देऊन बसतो.

धाराशिव जिल्ह्याचें उदाहरण घेऊं. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे आठ तालुके. प्रत्येकाच्या पावसाचा आंकडा एकेका घरांत ठेवला आहे व सर्वांची बेरीज हवी आहे. सी भाषा शून्यापासून मोजते. म्हणून घरांचे क्रमांक शून्य ते सात. कंसापुढें अर्धविराम पडला, कीं यंत्र त्यालाच एक पूर्ण परंतु रिकामें वाक्य समजतें. आठ वेळां कांहींच न करण्याचें काम तें इमानानें करतें. तोंवर मोजणारा चल आठावर पोंचलेला असतो. मग बेरजेची आज्ञा एकदांच अंमलांत येते, आणि तीही आठव्या क्रमांकाच्या घरासाठीं. असें घर मुळांत नाहींच! स्मृतीच्या त्या जागीं जें पडलें असेल, तें बहुधा या नवव्या तालुक्याचा पाऊस म्हणून बेरजेंत येतें. आंकडा अफाट आला तर बरें, कोणाच्या तरी डोळ्यांत खुपेल. परंतु तो पटण्याजोगा निघाला, तर निमूटपणें अहवालांत जाऊन बसेल. आणि अवर्षणाशीं नित्य गांठ असलेल्या या जिल्ह्यांत पावसाच्या बेरजेवर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

'व्हाइल' या दुसऱ्या रचनेंत प्रकार निराळा होतो. तेथें चल वाढविण्याची आज्ञा बहुधा आवृत्तीच्या पोटांत असते. अर्धविरामानें ती बाहेर पडली, कीं चल वाढत नाहीं, अट कधीं मोडत नाहीं आणि यंत्र घाण्याच्या बैलासारखें जागच्या जागीं फिरत राहतें. पुढची ओळ विद्यार्थ्यानें आंत सरकवून लिहिलेली असते, म्हणून त्याच्या डोळ्यांस ती आवृत्तीचीच वाटते. यंत्राला मोकळ्या जागेचा अर्थ नाहीं.

मग कंपायलर ही चूक कां पकडीत नाहीं? कारण व्याकरणदृष्ट्या ती चूकच नव्हे. अक्षरामागून अक्षर उतरवून घेण्यासारखीं कामें अटींतच पुरीं होतात. तेथें रिकामें वाक्य मुद्दाम लिहावें लागतें. कर्निघॅन व रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथांत तो अर्धविराम स्वतंत्र ओळीवर ठेवण्याची रीत आहे, ती यासाठींच. 'डू-व्हाइल' रचनेच्या शेवटीं तर तो नसेल तरच चूक! कांहीं कंपायलर संशयास्पद जागीं इशारा देतात; विद्यार्थी तो बहुधा वाचीत नाहींत.

१९९९ च्या प्रमाणित आवृत्तीपासून मोजणारा चल 'फॉर'च्या कंसांतच जाहीर करतां येतो. तसें केलें व त्या नांवाचा दुसरा चल बाहेर नसला, तर बाहेर पडलेल्या बेरजेच्या आज्ञेस तो ओळखीचा राहत नाहीं आणि कंपायलर तेथेंच अडवितो. याशिवाय जुना ताळा आहेच. खरे आंकडे भरण्यापूर्वीं आठही घरांत एक-एक मांडून पहावा. उत्तर आठ न आल्यास प्रथम कंसाशेजारची जागा तपासावी.