चाकांवरचं बिऱ्हाड

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांतली मुलं आज परदेशात आहेत. आपण तिकडे जातो, दोन-तीन महिने राहतो. मुलं कामावर गेली की आपण खिडकीत बसतो, आणि रविवारी ती आपल्याला मॉल दाखवतात. यापेक्षा वेगळा एक प्रवास आम्ही केला, त्याविषयी बोलतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आम्ही कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन नऊ दिवस फिरलो. मी, सौ., मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू.

कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. टेम्पोएवढ्या गाडीत गॅसची शेगडी, बेसिन, फ्रिज, झोपायची जागा आणि संडास. दिवसा ज्या टेबलावर जेवायचं, तेच रात्री खाली करून त्यावर गाद्या टाकायच्या. एक पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो, त्याला शिडी. तो तरुणांना द्यावा. आपल्या गुडघ्यांनी खालची जागा आधीच मागून घ्यावी.

आता मी बँकेतला माणूस, त्यामुळे आधी कागदपत्रं. करारात चार गोष्टी बघा. पहिली, बाँड. ही रक्कम ते क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. दुसरी, एक्सेस, म्हणजे नुकसान झालं तर विमा असूनही आपल्या खिशातून जाणारा वाटा. रोजचे जादा पैसे भरले की तो कमी होतो. हिशेब करून ठरवा. तिसरी, विम्यात काय येत नाही. गाडीचं छत, खालची बाजू, चुकीचं इंधन भरणं, कच्चे रस्ते हे बहुधा वगळलेलं असतं. म्हणून गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावी. चौथी, डिझेलवरचा रस्ता कर. त्या देशात पेट्रोलचा कर दरातच असतो, पण डिझेल गाडीला किलोमीटरवर वेगळा कर लागतो आणि भाड्याच्या गाडीत तो आपल्याकडून वसूल होतो. ‘रोजचं भाडं इतकं स्वस्त कसं’ याचं उत्तर या चार ओळींत असतं.

आणखी एक महत्त्वाचं. तिथे अपघातात इजा झाली तर पर्यटकालाही सरकारी योजनेतून उपचारासाठी मदत मिळते, पण आजारपणाला ती लागू नाही. बीपी, शुगरवाल्यांनी प्रवास विमा घेतल्याशिवाय विमानात बसू नये, आणि जुना आजार फॉर्मवर लपवू नये.

खाण्याचे पदार्थ तर विमानतळावर लिहून द्यावेच लागतात. न सांगता नेले आणि सापडले तर ४०० डॉलर दंड. मध अजिबात चालत नाही. आपल्या वसईची सुकेळी न्यायचा मोह आम्ही टाळला. मसाले आणि लोणचं पॅकबंद नेलं, फॉर्मवर लिहिलं, आणि सुटलो.

गाडी क्राइस्टचर्चला घेतली आणि तिथेच परत केली. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, हा मोठा दिलासा. धावत्या गाडीत मात्र सगळ्यांनी पट्टा बांधून बसायचं आणि लहान मुलाला वेगळी सीट. चालत्या गाडीत उठून चहा करायला सक्त मनाई, हे सौ.ना पटायला एक दिवस गेला. गॅसची टाकीही निघण्याआधी बंद करायची.

पहिला मुक्काम टेकापो. २०१२ पासून हा भाग आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ आहे, म्हणजे रात्रीचे दिवे मुद्दाम कमी ठेवलेले. आम्ही फेब्रुवारीत गेलो, तिकडे तेव्हा उन्हाळा. आपलं मृग नक्षत्र तिथे चक्क उलटं दिसतं! पुढे पुकाकी तलाव. हिमनद्या खडक घासून त्याचं पीठ करतात, ते पाण्यात तरंगत राहतं, म्हणून पाणी निळसर दुधाळ. समोर औराकी, म्हणजेच माउंट कुक, ३,७२४ मीटर. मग वानाका, आणि हास्ट खिंडीतून पश्चिम किनारा. हा किनाऱ्याचा रस्ता १९६५ साली पुरा जोडला गेला. त्यावर कितीतरी पूल एकपदरी आहेत. लाल छोटा बाण आपल्या दिशेला असेल तर आपण थांबायचं आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. पोलीस नाही, शिट्टी नाही, तरी कोणी घुसत नाही. मला आपलं स्टेशनजवळचं संध्याकाळचं ट्रॅफिक आठवलं. परत येताना आर्थर्स पासच्या घाटात १९९९ साली झालेला ४४० मीटरचा ओटिरा पूल लागला. तिथले किया पोपट गाडीच्या रबराच्या पट्ट्या कुरतडतात, त्यामुळे नातू पहाऱ्याला.

आपल्या वयाला परदेशात सगळ्यात मोठी काळजी कसली असते? स्पष्ट बोलतो, संडासची. रस्त्यात मिळेल का, कधी मिळेल, म्हणून माणसं पाणीच पीत नाहीत. व्हॅनमध्ये ती काळजी नाही. गोळ्या फ्रिजमध्ये, वेळेवर वरणभात, आणि थकलो की थांबलो. दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटरपेक्षा जास्त चालवायचं नाही, हा नियम आम्ही पाळला.

पण या सोयीची दुसरी बाजू आहे, आणि तीच मला आज सांगायची आहे. गाडीत पाण्याच्या दोन टाक्या. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची. पहिली जितकी रिकामी होते, तितकी दुसरी भरते. काटा समोर दिसतो. संडासाखाली एक पेटी असते. ती भरली की बाहेर काढून, ठरवून दिलेल्या डंप स्टेशनवर नेऊन रिकामी करायची आणि धुवायची. रस्त्याकडेला ओतणं गुन्हा. तिथे फुकट मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी गाडी ‘सेल्फ-कंटेन्ड’ असल्याचा दाखला लागतो. २०२३ साली कायदा बदलला, आता संडासही गाडीत पक्का बसवलेला हवा. आपली घाण दुसऱ्याच्या दारात सोडायची नाही, इतकाच त्या कायद्याचा अर्थ.

ती पेटी एक दिवस मुलगा न्यायचा, एक दिवस मी. आधी सून संकोचली, ‘बाबा, तुम्ही नको’ म्हणाली. मी म्हटलं, वापरतो तर मीसुद्धा. चौथ्या दिवसापासून घरात कोणी नळ उघडा ठेवून दात घासले नाहीत. भांडी घासायच्या आधी कागदाने पुसली जाऊ लागली. कोणी उपदेश केला नव्हता. काटा दिसत होता, एवढंच.

मंडळी, पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा आपल्यालाही असाच काटा दिसत होता. टँकरची वाट पाहत, हंडे घेऊन, तिन्ही विंगची माणसं जिन्यात बसायची. कुणाला किती पाणी लागतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता नळ आला आणि काटा दिसेनासा झाला. गच्चीवरची टाकी वाहते तेव्हा ती कोणाची, असा प्रश्न पडत नाही. ओला-सुका कचरा एकाच पिशवीत जातो, कारण ती पिशवी उचलणारा आपल्यापैकी नाही.

प्रत्येक विंगला पाण्याचा मीटर आणि दर महिन्याचा आकडा फलकावर, असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे आहे. खर्चाबद्दल शंका जरूर विचारा, मीही विचारणार आहे. पण आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस आपोआप बदलतो, हे मी नऊ दिवसांत पाहिलं आहे. त्यासाठी न्यूझीलंडला जायची गरज नाही.

जायचं असेल तर मात्र जरूर जा, गुडघे साथ देतात तोवर जा. परदेश जमणार नसेल तर आपल्या राज्यानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, इथेही चौकशी करता येईल. कुणाला करार वाचून हवा असेल तर संध्याकाळी घरी या. चहा मिळेल, फी नाही.