शेजारच्या घराचा उंबरठा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून आठवेल तसे लिहून काढले आहे.)



आम्ही काही विद्वान नाही. सातवीपर्यंत शाळा, नंतर रात्रशाळा, आणि उरलेले शिक्षण गिरणीच्या पाळीवर व घाटकोपर-परळ लोकलमध्ये झाले. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावी. कमिटीने आम्हाला 'धम्म आणि आजचा तरुण' हा विषय दिला होता. तो दरवर्षी कोणाला तरी दिला जातो आणि तरुण दरवर्षी बाहेर वडापाव खात उभे असतात. म्हणून आम्हीच विषय बदलून मागितला. शेजाऱ्याचं पोरगं कुठल्या शाळेत जातं आणि शेजाऱ्याच्या घरात औषध कसलं येतं, यावर नळावर, ओट्यावर आणि विहाराच्या पायरीवर बसून आपण जे निकाल देतो, त्याबद्दल आज बोलायचे आहे.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढारी डॉ. दत्ता सामंत, आपल्या घाटकोपरातच दवाखाना चालवलेले डॉक्टर. आमचे वडील संपात होते आणि आम्ही सातवीत. पगार बंद झाला. वर्ष संपल्यावर वडिलांनी आमचं नाव शाळेतून काढलं आणि आम्हाला भाजीच्या हातगाडीवर लावलं. चाळीत चर्चा सुरू झाली, "भिंतीला बाबासाहेबांचा फोटो आणि पोरगं हातगाडीवर!" बोलणारे खोटं बोलत नव्हते. पण डब्यात पीठ आहे का, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही. वडील त्यानंतर दोन वर्षं १४ एप्रिलच्या मिरवणुकीत उतरले नाहीत. दाराआड उभे राहून लेझीम ऐकायचे. फक्त एक मास्तर घरी आले, रात्रशाळेचा फॉर्म खाटेवर ठेवला, चहा प्यायले आणि गेले. उपदेशाचा एक शब्द नाही. त्या फॉर्मवर आम्ही दहावी झालो. पुढे १९८९ ला आम्हीही बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो.

एवढं भोगलेल्या माणसाला अक्कल यायला हवी होती. ती आली नाही, हे आज कबूल करायचे आहे.

२००४ सालची गोष्ट. पालिकेच्या मराठी शाळेतले वर्ग रिकामे होत चालले होते. शाळा वाचवायची म्हणून आम्ही घरोघर फिरत होतो. काम चांगलंच होतं. आपल्याच वस्तीतली एक बाई, चार घरची धुणीभांडी करणारी, तिने मुलीला मराठी शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घातलं. आम्ही याच मंचावरून बोललो. नाव घेतलं नाही, पण वस्तीत नाव घ्यायची गरज कुठे असते? "कर्ज काढून टायवाल्या शाळेत पोरं घालतात आणि आपली शाळा ओस पाडतात," असं म्हणालो. टाळ्या पडल्या. बाई तिसऱ्या ओळीत बसली होती. ती मुलीचा हात धरून उठली आणि नंतर विहारात आली नाही. आम्हाला त्याचं फार वाटलंही नाही. चळवळीत रुसवेफुगवे चालायचेच, असं म्हणून सोडून दिलं.

पाच वर्षांनी तिच्या नवऱ्याला टीबी निघाली. त्या काळी डॉट्सची गोळी आठवड्यातून तीनदा केंद्रावर जाऊन तिथल्या माणसासमोर गिळावी लागे. केंद्र आपल्याच रस्त्यावर. जाणारा-येणारा प्रत्येकजण बघणार. नवऱ्याने नातेवाइकाचा कल्याणचा पत्ता दिला आणि तिकडे नाव लावलं. आठवड्यातून तीन दिवस कल्याण, म्हणजे तीन खाडे. दोन महिन्यांत खोकला कमी झाला, वजन थोडं वाढलं, आणि त्याने जाणं बंद केलं. साध्या टीबीचं औषध सहा महिने घ्यावं लागतं. मध्येच सोडलं की उरलेले जंतू त्याच औषधाला दाद देईनासे होतात. त्याचं तसंच झालं. दुसऱ्यांदा खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा आधीच्या गोळ्या चालेनाशा झाल्या होत्या. मोठ्या हॉस्पिटलात दीड वर्ष काढलं आणि तो गेला.

पुण्यानुमोदनाला आम्ही गेलो. बाई म्हणाली, "दादा, औषध जवळच होतं. पण तुमची भीती वाटायची. मुलीची शाळा तुम्ही स्टेजवरून वाचून दाखवलीत. आमची टीबी पण वाचली असती."

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तो टीबीने गेला हे खरं, पण तो कल्याणच्या गाडीत कोणामुळे बसला? त्यात आमचा वाटा आहे. मुलीचं पुढे काय झालं, ती काय शिकली, हे तुमच्यापैकी काहींना विचारावंसं वाटत असेल. ते आम्ही सांगणार नाही. ते त्यांच्या घरचं आहे.

महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नाहीत, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नाही. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन येतात, पाणी आणवतात, दोघे मिळून त्याला धुतात आणि उचलून खाटेवर ठेवतात. तू असा कसा आजारी पडलास, पथ्य का पाळलं नाहीस, असं विचारत नाहीत. ज्यांनी दुर्लक्ष केलं त्या संघाला मात्र विचारतात. आम्ही हे कितीतरी वर्षं वर्षावासात ऐकत होतो.

आता कोणी म्हणेल, मग काय तोंडाला कुलूप लावायचं? एखाद्याने पोराला शाळेतच घातलं नाही तरी त्याच्या घरचा प्रश्न म्हणून गप्प बसायचं? तसं आम्ही म्हणत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी. शाळा मिळणं हा मुलाचा हक्क आहे, तिथे आईबापाची मर्जी चालत नाही. पण कोणती शाळा, कोणतं माध्यम, हे आईबापाने ठरवावं. मराठी माध्यमावर आमचा विश्वास अजून आहे, कोणी घरी येऊन विचारलं तर तासभर सांगू. मात्र एक गंमत बघा. २०२० पासून पालिकेनेच 'मुंबई पब्लिक स्कूल' नावाने सीबीएसईच्या शाळा काढल्या. ज्या बाईला आम्ही झोडपलं, तिने सोळा वर्षं आधी जे मागितलं तेच पालिका देऊ लागली. तिची चूक एवढीच, की तिला स्वतःच्या खिशातून फी भरावी लागली.

आरोग्याचंही तसंच. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला, त्यांच्या वतीने रोहम यांनी तो मांडला. सरकारने लोकांत जोराचा प्रचार करावा आणि सोयी पुरवाव्यात, एवढी त्यात मागणी. सक्ती कुठेच नव्हती. ठराव फेटाळला गेला. पुढे १९७६ मध्ये, आणीबाणीत, याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण नसबंदीच्या गाडीची धास्ती आमच्या लहानपणी घराघरात होती. सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की म्हाताऱ्या दार लावून घ्यायच्या.

कोरोनात १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला, ते तुम्हाला आठवत असेल. पुढे २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, पण समाजाच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं. आम्ही दोन्ही डोस घेतले. ज्यांनी घेतले नाहीत त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी गोवंडीत गोवरची साथ आली, लहान लेकरं दगावली. लेकराच्या लसीचा प्रश्न आला की आम्ही गप्प बसत नाही. सूनबाईच्या घरी जातो, सासूलाही बसवतो, ताप का येतो ते सांगतो, पुन्हा जातो, चार वेळा जातो. पण मंचावरून नाव नाही आणि नळावर चर्चा नाही.

कमिटीपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवल्या आहेत. विहाराच्या मंचावरून कोणाच्या घरातली शाळा, आजार, कर्ज, लग्न यांचा उल्लेख करायचा नाही, वक्ता कितीही मोठा असो. आणि टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी जे पैसे बँकेत येतात, २०१८ पासून महिना पाचशे आणि नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये, त्यासाठी नाव नोंदवायला कोणाला मदत लागली तर ती त्याच्या घरी जाऊन करायची. विहारात बोलवायचं नाही. इथे बोलावलं की झालीच बातमी.

आणखी एक. शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागांची नोटीस निघाली की दर रविवारी सकाळी दहा ते एक, विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही दोन पोरं आणि एक कॉम्प्युटर घेऊन बसणार आहोत. येताना मुलाचा जन्मदाखला, जातीचा दाखला आणि राहण्याचा पुरावा आणावा. दाखला नसेल तर आधी या, तो काढायला वेळ लागतो. शाळांची यादी समोर ठेवू. कुठल्या शाळेवर खूण करायची ते तुम्ही सांगा, आम्ही तीच करू. ज्यांना पालिकेची मराठी शाळा हवी त्यांनीही यावं, तिथले अर्जही ठेवतो.

जयभीम.